वरच्या प्रेक्षकांसाठी गाऱ्हाणं

माझ्या मोठ्या दिरांइतका चोवीस तास कॅमेऱ्यासमोर जगलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही, आणि गंमत अशी की त्यांच्यासाठी म्हणून आजवर एकही कॅमेरा लागलेला नाही. आमच्या लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, एक दिवा आहे. वर पत्र्याची टोपी, आत बल्ब. तुम्हाआम्हाला तो दिवा दिसतो. भावोजींना तो डोळा दिसतो. त्या डोळ्यातून, मोजता येणार नाही इतक्या लांब, हिरव्या अंगाचे आणि भरपूर रिकाम्या वेळेचे काही प्राणी आमची चाळ बघत बसलेले असतात, अशी त्यांची खात्री. आणि आपल्यामुळे त्यांना कंटाळा येऊ नये ही जबाबदारी माझगावच्या गोदीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती.

याला मूळ कारण माझी मुलगी. गणपतीच्या आधीच्या एका रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, तिनं काकांना मोबाइलवर एक कार्टून दाखवलं. परदेशी, हिंदीत केलेलं, मोठ्या माणसांनी हसावं म्हणून काढलेलं. गोष्ट एवढीच, की दूरच्या ग्रहावरचे प्राणी सोफ्यावर लोळत पृथ्वीवरची एक गल्ली टीव्हीवर बघत असतात. गल्लीतल्या माणसांना पत्ताच नाही, कारण कॅमेरा रस्त्यावरच्या दिव्यात. दर आठवड्याला ते मतं देतात, आणि जो सगळ्यांत कंटाळवाणा ठरेल त्याच्यावर उजेडाचा झोत पडून तो चपलांसकट वर ओढला जातो. शेजारी दुसऱ्या दिवशी म्हणतात, बदली झाली असेल. मुलगी हसून लोळत होती. भावोजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, ते पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं आणि संपल्यावर विचारलं, "ह्या कधी घडला?"

"काका, कार्टून आहे ते. रिअ‍ॅलिटी शोची टर उडवलीय."

"टर उडवूक आधी कायतरी असूक लागता ना गो," भावोजी म्हणाले आणि विचारात पडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्या समोरच्या खोलीतला पोस्टमन. तो खय गेलो?"

"विरारला. ब्लॉक घेतला त्यांनी."

"तू बघून इलंस?"

मी बघून आले नव्हते. घरभरणीचं बोलावणं होतं, पण त्या दिवशी ऑफिसात ऑडिट होतं. माझ्या या गैरहजेरीवर भावोजींनी आपलं सगळं शास्त्र उभं केलं.

दुसऱ्या दिवसापासून ते पाणी भरायला इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले. आमच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं आणि त्या वेळी चाळीतला प्रत्येक माणूस देवानं त्याला जसा बनवला साधारण तसाच दिसतो. त्यात हे भांग पाडून, पावडर लावून, बादली अशी धरून उभे, की बादलीचा उजवा गाल दिव्याकडे यावा. गॅलरीच्या टोकाला संडासाकडे जातानासुद्धा ते डबा पदराआडच्या नववधूसारखा हातरुमालाखाली झाकून नेत. "घराघरात बघतत," म्हणत. पाण्याच्या रांगेतच ते 'मागील भागात' सांगून टाकत. "काल आपण पाह्यलांत, तळमजल्यावरच्या डंकवाल्यान मसाल्यात धणे कमी घातल्याचो आरोप झालो. तो खरो की खोटो, ता आज कळतला." हे वरच्यांसाठी शक्य तितक्या शुद्ध मराठीत असे. त्यांच्या ग्रहावर मालवणी कितपत पोचली असेल, याबद्दल भावोजींना शंका होती.

ब्रेकचं त्यांचं तंत्र तर कोणालाच झेपलं नाही. भांडण रंगात आलं, समोरचा माणूस लाल झाला, आता शब्दाला शब्द भिडणार, की भावोजी हात वर करून म्हणत, "थांब. ब्रेक." आणि खोलीत जाऊन शांतपणे चहा पीत. मसाला कुटून देणारा तो डंकवाला बिचारा गॅलरीत तसाच तोंड उघडं ठेवून उभा राही. दहा मिनिटांनी भावोजी मिशी पुसत येत आणि म्हणत, "हां, तू माका चोर म्हणी होतस." तोपर्यंत डंकवाल्याचा राग निवलेला असे आणि तो म्हणे, "जाऊ द्या हो काका." मग भावोजी खरोखर चिडत. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी माझगावची कोळीण मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्या कामाला आली. टोपली उतरवतानाच ती विचारी, "काय रं दादा, आज हसाचं का भांडाचं?" भावोजी म्हणत, भांडायचं. मग दोघं एका पापलेटाच्या डोळ्यावरून असा तमाशा मांडत, की वरच्या मजल्यावरची माणसं भाकरी तव्यावर टाकून कठड्याशी येत.

मी व्यवहारी बाई. चाळीच्या दिव्यांचं, टाकीच्या सफाईचं, जिन्याच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे असतं, आणि मी ते वहीत लिहून, खूण करून पार पाडते. हे खूळ संपवायचा सोपा उपाय मला सुचला. मी तो धुळीनं माखलेला पिवळा बल्ब काढला, भावोजींच्या हातात दिला आणि म्हटलं, "बघा, आत काय आहे का?" त्यांनी तो कानाशी हलवून बघितला. मी त्या जागी पांढरा स्वच्छ एलईडी लावला आणि वहीत खूण केली. संध्याकाळी दिवा लागला. भावोजी बराच वेळ त्या उजेडात आपले हात उलटेसुलटे करून बघत उभे राहिले आणि म्हणाले, "एचडी झाला." दुसऱ्या दिवशी त्यांनी मिशी काळी केली, कारण आता पांढरे केस तिकडे वेगवेगळे मोजता येणार होते.

गणपतीचे दहा दिवस ते निवांत होते. दाराबाहेर माणसांचा असा पूर लोटलेला, की दूध आणायला निघालेला माणूस दुपारी रिकाम्या पिशवीनं परत येतो. लहान मुलं खांद्यावर घेऊन, पायातलं पायताण हातात धरून लोक रात्रंदिवस गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत उभे. भावोजी कठड्याला टेकून म्हणत, "ह्या दिवसांत आपणाक काय करूचा नाय. सगळे थयच बघतत." खरा घोर त्यांना अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी लागला. रस्त्यावर चुरमुरे आणि तुटके बांबू, ढोल गप्प, चाळ झोपलेली. "आता दाखवूचा काय?" असं म्हणत ते गॅलरीत येरझारा घालू लागले, आणि त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडे वहीचं एक पान मागितलं.

यादीची किंमत मला कळते, म्हणून मी विचारलं नाही. चार दिवसांनी तो कागद इस्त्रीला चाललेल्या त्यांच्या शर्टाच्या खिशात मला सापडला. चाळीतल्या माणसांची त्यांनी क्रमवारी लावली होती. पहिला नंबर कोळणीचा, कंसात 'पाहुणी'. दुसरे स्वतः. मी बाराव्या जागी होते आणि पुढे शेरा होता, 'याद्या करते. बघण्यासारखा काय नाय, पण खेळात होयी', म्हणजे हवी. मी खाली बघितलं. शेवटची जागा इतक्या वेळा खोडून पुन्हा लिहिली होती, की तिथं कागदाला भोक पडलं होतं. भोकाच्या कडेला अजून दोन अक्षरं वाचता येत होती. ती माझ्या जाऊबाईंच्या नावाची होती.

जाऊबाई म्हणजे भावोजींच्या पत्नी. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं थोडं, म्हणूनच सांगणं अवघड. दाराशी खुर्ची टाकून त्या वाल सोलत बसतात. विचारलं तर बोलतात, तेही मोजकं. चाळीस वर्षांत त्यांचा आवाज गॅलरी ओलांडून गेलेला मी ऐकला नव्हता. त्या पावसाळ्यात त्यांना जिना चढताना दम लागू लागला. त्या कठड्याला धरून उभ्या राहत आणि कोणी आलं तर पदर सारखा केल्यासारखं करत. गणपतीनंतर परळच्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की काळजाची एक झडप खराब झाली आहे, ऑपरेशन करावं लागेल, या वयात धोका आहे आणि न करण्यात तो जास्त आहे. जाऊबाई म्हणाल्या, "बरं." चाळीच्या दारात आल्यावर भावोजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती नॉमिनेट झाली गो. माका ठाऊक होता. गप बसणाऱ्या माणसाक वर कोण मत देतलो?"

तेव्हा मला त्या कागदावरचं भोक कळलं. मी म्हटलं, "भावोजी, झडपेचं काम आहे. मतांचं नाही." ते म्हणाले, "तू तुझी यादी कर. मी माझा करतंय."

त्यांचं काम म्हणजे जाऊबाईंना ऑपरेशनच्या तारखेपर्यंत चाळीतली सगळ्यांत बघणेबल बाई बनवणं. रोज साडेसातला, मालिकांच्या वेळेला, ते दिव्याखाली उभे राहून त्यांच्याशी भांडण काढू लागले. "डाळीत मीठ नाय," ते गरजत. जाऊबाई मीठ आणून देत. "तुझ्या माहेरच्यांनी लग्नात माका लहान अंगठी घातली." जाऊबाई म्हणत, "हो, लहानच होती." एकदा भावोजींनी जाऊबाईंचा चष्मा लपवला, तर त्या तशाच वाल सोलत बसल्या, नखांनीच ओळखून. एका दुपारी भावोजींनी मुद्दाम गॅलरीत शेगडी आणून मिरच्या भाजल्या, अर्ध्या चाळीला ठसका लागला, डंकवाला वर धावत आला, शिंकतशिंकत भांडला. जाऊबाईंनी आत जाऊन फक्त दार ओढून घेतलं. भावोजी हताश होऊन माझ्या दाराशी बसले. "बाराव्या नंबराच्या बाये, तूच सांग. हिका राग येतलो कसो?" अखेर तिसऱ्या आठवड्यात जाऊबाई त्यांच्या मिशीकडे बघून म्हणाल्या, "ती शाई धुवा. गादीच्या उशीला लागते." भावोजी गॅलरीभर पळत सुटले. "बोलली. आयकलांत? बोलली." त्यांनी दिव्याला हात केला.

इस्पितळात दाखल व्हायचा दिवस उजाडला. माझी यादी तयार होती. सात वाजता आंघोळ, सव्वासातला कागदपत्रांची फाइल, मग पिशवी, पाण्याची बाटली, साडेआठला टॅक्सी. त्यात 'गाऱ्हाणं, पाच मिनिटं' असंही मी लिहिलं होतं. आमच्यात कुठल्याही मोठ्या कामाला निघताना घरातला वडीलधारा नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतो. तो मागणं सांगत जातो, 'रे म्हाराजा' म्हणून थांबतो, आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा'. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेलं असतं, की ते तोंडच म्हणतं. कान ऐकतीलच असं नाही.

वडीलधारे भावोजीच. पण त्यांनी नारळ देव्हाऱ्यापुढे न ठेवता जिन्याच्या दिव्याखाली पाटावर ठेवला. गॅलरीत सगळी चाळ उभी होती. कोळीणसुद्धा टोपली खाली ठेवून थांबली. जाऊबाई नवी साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या, मी शेजारी पिशवी धरून. भावोजींनी हात जोडले, मान वर केली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो जो नारळ ठेवलेलो आसा तो गोड मानून घे, आणि वरसून जे कोण बघतत, एका डोळ्याचे, दोन डोळ्यांचे, हिरवे, निळे, तेंच्याकडे पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या घरची लक्ष्मी आज परळाक जाता. डाक्टराच्या हातात बळ दी, तेका मधीच शिंक येव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ती बोलणा नाय, भांडणा नाय, म्हणान तिका कोण कंटाळवाणी म्हणत असात तर तेची मती सुधार. तिका ह्या खेळातसून भायर काढू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि इतक्यार पण कोणाकतरी वर ओढूचाच असात," इथं त्यांचा आवाज जरा हलला, पण आम्ही सुरात होतो, "तर तिच्या बदल्याक माका ओढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

म्हणून झाल्यावर ते आम्हाला ऐकू आलं. गॅलरीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. माझ्या नवऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. मीसुद्धा म्हटलं होतं, चांगलं स्पष्ट.

"कोण कोण व्हय म्हणाला?"

हा आवाज कोणाचा, ते कळायला मला एक क्षण लागला. जाऊबाई खुर्चीतून उठल्या होत्या. "कोण कोण म्हणाला, म्होरे या. तू म्हणालास?" त्यांनी डंकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काकी, तोंडातून गेलं." "आणि तू गो?" हे मला. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग त्या भावोजींकडे वळल्या. "आणि तुमका कोणी सांगितलान माझ्या बदल्याक जावक? मी काय रेशनची पिशवी आसंय, माझ्या जागी तुमी रांगेत उभे रवतलात?"

"आता झाला ता झाला," भावोजी पुटपुटले. "गाऱ्हाणा परत घेणत नाय. वर गेला ता. टेलिकास्ट झाला."

"मग मी जायत नाय." आणि त्या बसल्या.

खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. माझ्या यादीत साडेआठ होऊन गेले होते. मी डॉक्टरांचं नाव घेऊन पाहिलं, मुलीनं हात धरून पाहिले. जाऊबाई खुर्चीच्या दांड्या धरून बसलेल्या. "हे आधी मागे घेऊंदेत. नायतर मी थय डोळे मिटतलंय आणि परत येयपर्यंत हे नसतले." दम लागत होता, तरी बोलत होत्या. कोळीण भावोजींना म्हणाली, "दादा, घे रं मागं. बाय माज्यासारखी भांडताय आज." शेवटी माझा नवरा, जो गावच्या रीतीभातीत त्यातल्या त्यात जाणकार, म्हणाला, की घातलेलं गाऱ्हाणं मोडता येत नाही, पण त्यावर दुसरं घालता येतं, फक्त नारळ नवा हवा. यादीत नारळ एकच होता. मुलगी धावत खाली जाऊन घेऊन आली.

भावोजींनी नारळ हातात घेतला, तोंड उघडलं आणि त्यांना एक शब्द सुचेना. सकाळी पाण्याच्या रांगेत दोन ग्रहांना पुरेल इतकं बोलणारा माणूस ओठ हलवत उभा. जाऊबाईंनी त्यांच्या हातातून नारळ काढून घेतला. बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं आमच्या चाळीत कोणी पाहिलं नव्हतं, पण कोणी हूं केलं नाही. त्यांनी आधी दिव्याकडे बघितलं, मग जरा मागे सरकून भावोजींनाही आपल्याबरोबर उजेडात ओढलं.

"बा देवा म्हाराजा, ह्येंच्या बोलण्यार जाव नको. ह्येंका साखरेचो डबो खयचो आणि मिठाचो खयचो, ता अजून कळणा नाय. माका जावचा आसा आणि परत येवचा आसा. वर जे कोण बघतत तेंका सांग, बघूचा तर दोघांकय बघा, नायतर टीव्ही बंद करा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यावेळी आम्ही आधी ऐकलं आणि मग म्हटलं. कोळीण सगळ्यांत मोठ्यानं.

यादीतल्या पाच मिनिटांच्या जागी मला पन्नास लिहावी लागली. इस्पितळात आम्ही उशिरा पोचलो, ओरडा मी खाल्ला. ऑपरेशन चाललं तेव्हा भावोजी व्हरांड्यातल्या बाकावर, छताच्या खऱ्याखुऱ्या कॅमेऱ्याखाली बसले होते. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मी विचारलं, "आज काही दाखवायचं नाही?" ते म्हणाले, "तिना काय दाखवूचा ता सकाळी दाखवलान."

जाऊबाई परत आल्या. जिना एका दमात चढल्या आणि खुर्चीत बसून वाल मागितले.

त्याला आता काही वर्षं झाली. भावोजी ऐंशीकडे झुकलेत. कानांनी साथ सोडली आहे, कानाचं यंत्र कपाटात पडलं आहे, मिशी पांढरी आहे. पाणी आता मुलगी भरते. दाराशी खुर्चीत भावोजी बसतात, गप्प, समोर बघत. कोणी हाक मारली तर उशिरा हसतात. डंकवाल्यानं परवा मुद्दाम येऊन सांगितलं, की मसाल्यात या खेपेला धणे चुकलेत, तर नुसती मान हलवली. मागचा भाग कोणी सांगत नाही. मी वहीत 'भावोजींचे कान, डॉक्टर' असं तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा खूण करायची राहिली, कारण ते येत नाहीत.

पण साडेसात वाजले, दिवा लागला, की जाऊबाई आतून येतात. पदर खोचतात, दिव्याखाली नीट समोर उभ्या राहतात आणि त्यांच्या कानाशी वाकून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात करतात. आज काय, तर डाळीत मीठ नाही म्हणालात ते साल कुठलं. उद्या काय, तर माझा चष्मा लपवलात. परवाची तर ती लहान अंगठी. भावोजी हाताचा पेला कानाला लावून विचारतात, "काय?" आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सांगतात, दम न लागता. मग कधीतरी ते दिव्याकडे बघतात, शर्टाची कॉलर सारखी करतात, आणि हात वर करून पुटपुटतात, "ब्रेक." जाऊबाई चहा आणायला वळतात.

माझ्या रोजच्या यादीत साडेसातपुढचा अर्धा तास मी कोरा ठेवते. त्या वेळी मी आत भाकऱ्या थापत असते, दार उघडं असतं. त्या "रे म्हाराजा" म्हणत नाहीत, तरी मी पीठ लागलेले हात थांबवून म्हणते, "व्हय म्हाराजा." फार मोठ्यानं नाही. दिव्यापर्यंत जाईल इतपत.